रोजनिशीतली माझी चार पानं

मागच्या तारखांचं पाठाचं टाचण लिहायचं असेल तर पेनं दोन-तीन लागतात. एकाच पेनानं, एकाच बैठकीत महिन्याभराचं टाचण ओढलं की तपासणीला आलेला माणूस लांबूनच ओळखतो. म्हणून आधी निळं, मग काळं, मग परत निळं. एखाद्या दिवसाचं अक्षर घाईचं काढायचं, एखाद्या दिवसाचं निवांत. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून दोनच ओळी. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी यात तयार झालो. माझ्या ओळखीच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो हसेल आणि विषय बदलेल. पाठ शिकवलेला असतो, त्या दिवशी लिहायचं तेवढं राहून गेलेलं असतं. त्यामुळं यात खोटं काही नाही असं आम्ही धरून चालतो.

हे आधी सांगतोय, कारण पुढं मी जे केलं ते याच हातानं केलं. आणि करताना मला ते फार वेगळं वाटलं नाही.

तेव्हा मी तेरच्या पुढच्या एका गावात सातवीला शिकवत होतो. मराठीच्या पुस्तकात रोजनिशीवर एक पाठ होता. पोरांना ते काही पटेना. "सर, रोज काय लिवायचं? रोज तर तेच असतंय," असं एकानं विचारलं आणि वर्ग हसला. मी म्हणालो, कुणाच्या घरात जुनी वही असेल, पत्रं असतील, तर घेऊन या. आमच्याकडच्या पोरांना जुनं काही सापडण्याचं नवल नसतं. नांगराच्या मागं चालताना मणी निघतात, खापरं निघतात, ती दप्तरात घालून हिंडतात. दोन दिवसांनी वर्गातली एक मुलगी, सगळ्यात स्वच्छ वाचणारी, म्हणाली, "आमच्या शेजारच्या आजीकडं लढाईतली वही हाय."

त्या आजीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि दोन वर्षांनी नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. पलटणीनं त्याची पेटी घरी पाठवली. त्यात वर्दीचा एक सदरा, दाढीचं सामान आणि तपकिरी पुठ्ठ्याची वही होती. काही वर्षांनी एक कागद आला, की आता त्यांना मृत समजावं. मी वही मागायला गेलो तेव्हा आजी दारात बसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कागुद म्हनतोय, मेला असं समजावं," ती म्हणाली. "समजून कुनी कुकू पुसतंय व्हय, गुर्जी? मानूस कुटल्या दिशी गेलं त्येचा पत्त्या न्हाय, तिथी न्हाय. मग म्या रंडकी कशी?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझं लक्ष वहीकडं होतं.

वही द्यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. "पोरांना वाचा, पर मला बी ऐकू द्या. मागं एका गुर्जीनं दोन पानं वाचली आन् हसला. म्या काढून घेतली. तवापासनं कुनी वाचली न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या तासाला आजी येऊ लागली. तीन शेळ्या मोकळ्या सोडून व्हरांड्यात खिडकीखाली बसायची. आतून तिचं डोकंसुद्धा दिसायचं नाही. ती मुलगी उभी राहून वाचायची. लिहिणाऱ्यानं पेन्सिल इतकी दाबलेली होती की अक्षरं पानाच्या मागच्या बाजूनं उठली होती. वाचताना मुलीची बोटं आपोआप त्या उठावावर जायची.

वहीत लढाई थोडी होती. बूट होते, कच्ची रोटी होती, ट्रकच्या मागं चार मैल पळत आलेलं एक कुत्रं होतं. मी फळ्यावर नकाशा काढला, सरहद्द दाखवली, युद्ध का झालं ते सांगितलं. ते पोरांनी ऐकून घेतलं. मग मुलीनं वाचलं, "पाय सुजले आहेत. बूट निघत नाहीत."

खिडकीखालून आवाज आला, "मिठाच्या पान्यात बुडवा की वं."

वर्ग फुटला. मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "आजी, तिथं कुठलं मीठ!"

"तू गप रं. तुला कुनी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. मी दारातून पाहिलं, तर मुलगी वाचायला उभी राहिली की आजी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेत होती. दोन वेण्यांची बारा वर्षांची पोर ती. आणि मुलगी आता वाक्यानंतर थांबायला लागली होती. थांब म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं. ती थांबायची, बाहेरून काही यायचं किंवा यायचं नाही, मग ती पुढं वाचायची. एकदा आजीनं विचारलं, "आज तरी जेवलाव का?" मुलीनं पान उलटलं आणि वाचलं, "दोन दिवसांनी आज गरम मिळालं." खिडकीजवळचा एक पोरगा उठला आणि दप्तर घेऊन भिंतीच्या कडेला जाऊन बसला.

त्या आठवड्यात मी पोरांच्या रोजनिश्या तपासायला घरी नेल्या. एकीत लिहिलं होतं, "आज भेंडीची भाजी. आवाज लांबून येत होते." दुसऱ्या एका वहीत, वेगळ्याच पोराच्या, "आज शाळेला सुट्टी. आम्ही इथंच थांबलो आहोत." मी लाल पेनानं प्रश्नचिन्हं केली. नंतर मोजली, तर अकरा वह्यांत प्रश्नचिन्हं होती.

मग आमचे केंद्रप्रमुख शाळेला आले. त्यांनी अर्धा तास वर्गात बसून ऐकलं आणि बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी, हे तालुक्याला मांडू. साहेबांना घेऊनच येतो बघा." मग वही चाळली आणि शेवटी आले. "पण याला शेवट कुठाय? ही अशीच तुटती?"

तशीच तुटत होती. "उद्या पुढं सरकायचं आहे," एवढंच. त्यानंतर तीस-बत्तीस पानं कोरी.

"शेवट पाहिजे, गुरुजी," ते म्हणाले. तुम्ही लिहा, असं ते म्हणाले नाहीत. ते माझंच.

शनिवारी मुलगी शेवटच्या पानाच्या जवळ आली तेव्हा मी वही मिटली. पुढची पानं चिकटलीत, सोडवून आणतो, असं वर्गाला सांगितलं. खिडकीकडं बघून जरा मोठ्यानंच सांगितलं.

रविवारी दुपारी मी शाळा उघडली. ऑफिसात बसलो, आतून कडी घातली. पेन्सिल तासून घेतली. सरावाला म्हणून रफ कागद घेतला होता, तो लागला नाही. दुसऱ्या ओळीलाच त्याच्या अक्षरावर हात बसला. मला दोन पानं लिहायची होती, चार झाली. मी काय लिहायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यातलं फारसं आलं नाही. आलं ते दुसरंच. घरच्या पितळी तांब्याला पोचा पडला होता, तो मीच पाडला होता आणि बायकोला सांगितलं की शेळीनं पाडला, असं त्या माणसाच्या तोंडून मी लिहिलं. ते मला कुठून सुचलं, मला माहीत नाही. शेवटच्या पानावर लिहिलं, "पाणी जवळच आहे. आवाज थांबले आहेत. आता भीती वाटत नाही." वर तारीख घातली.

तारीख हाताला आली ती घातली. आमच्या घरात पंचांग नव्हतं. छप्पन साली आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिथी, श्राद्ध, सगळं घराबाहेर गेलं. माझ्या लेखी तारीख म्हणजे हजेरीपटाच्या रकान्यावरचा आकडा. आजीनं तिथीचं काय सांगितलं होतं ते मला त्या दुपारी आठवलं नाही. आठवलं असतं तर लिहिलं नसतं, असंही म्हणवत नाही.

म्हातारीला धीर मिळावा म्हणून लिहिलं, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. साहेब येणार होते म्हणून लिहिलं.

सोमवारी मुलगी वाचायला उभी राहिली. माझ्या पहिल्या पानावर आली, बोटं मागच्या बाजूला गेली आणि थांबली.

"सर, हितं गुळगुळीत लागतंय."

"वाच पुढं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग वाचलं. तांब्याचं वाक्य आलं तेव्हा खिडकीखालून हसण्याचा आवाज आला. आजीला हसताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. हसू एखाद्या तरण्या बाईचं होतं. "आता सांगायलाव व्हय! म्या त्या शेळीला किती झोडपलं!"

शेवटचं पान संपलं. बाहेरून काही आलं नाही. मुलगी उभीच राहिली.

"तारीख परत वाच गं," आजी म्हणाली.

तिनं वाचली.

"परत."

तिनं तिसऱ्यांदा वाचली आणि खाली बसली.

साहेब गुरुवारी आले. टाळ्या झाल्या, माझा फोटो निघाला. आजी त्या दिवशी नव्हती. कुणाकडून तरी तारीख चिठ्ठीवर लिहून घेऊन ती तेरला जुनं पंचांग बघायला गेली होती. मार्गशीर्ष वद्य एकादशी निघाली, आणि यंदा ती पंधरा दिवसांवर होती. हे मला तिच्या पुतण्यानं शाळेत येऊन सांगितलं. "काकूनं तुमाला बलिवलंय, सर. तुमच्यामुळं सुटली बगा बिचारी. आता कसं, तिथी कळली."

ज्याचं मढं सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. मी हे ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. तेरणेच्या काठावर भर दुपारी पंधरा-वीस माणसं होती. पुतळा माणसाएवढा होता. त्याला पेटीतला वर्दीचा सदरा घातला होता, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. आजीच्या कपाळावर पांढुरका गोल डाग होता. इतकी वर्षं कुंकवाखाली ऊन न लागलेली कातडी. बांगड्या नव्हत्या. माझ्या वर्गातली ती मुलगी तिच्या मागं उभी होती.

आजीनं वही पुतळ्याच्या छातीवर ठेवली. "त्येंचं त्येंला," म्हणाली.

एक शब्द पुरला असता. त्या वहीत माझी चार पानं होती आणि त्या माणसाची एकेचाळीस. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी पुतळ्याकडं बघत राहिलो.

पेटल्यावर पानं आवळत गेली. उजव्या बाहीतली आधी आवळली आणि बाही कोपरापासून वर आली, लिहायला घेताना येते तशी. सगळ्यांनी ते पाहिलं. मग बाही पडली आणि वहीनं पेट घेतला, आणि मला हलकं वाटलं. पुरावा गेला म्हणून हलकं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली.

आजी त्यानंतर शाळेत आली नाही. शेळ्या येत राहिल्या. चौथ्या तासाला तिघी यायच्या, खिडकीखाली वर्गाकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि तास संपला की जायच्या. हाकलून पाहिलं, दगड मारून पाहिले. "सर, बघा, आल्या," असं पोरं म्हणायची. मग म्हणेनाशी झाली.

त्या मुलीनं वर्षभर मोठ्यानं वाचलं नाही. "घसा बसलाय, सर." परीक्षेच्या तोंडीलाही तेच. मी तिला तोंडीचे पूर्ण गुण दिले. एकदा फळ्यावर सुविचार लिहीत होतो तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सरचं अक्षर मिल्ट्रीवाल्यावानी यायलंय." मी पुसून परत लिहिलं. परत तसंच आलं. खडू इतका दाबला गेला होता की फळ्यावर ओरखडे उठले. अजूनही टाचण लिहितो तेव्हा पानाच्या मागच्या बाजूनं हात फिरवून बघायची मला सवय आहे. मी काय सापडेल म्हणून बघतो, ते सांगता येत नाही.

मागच्या वर्षी माझी बदली माकणीकडं झाली. सोडल्याचा कागद हातात पडला त्या दुपारी मी आजीच्या घरी गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बसायला पोतं टाकलं. मी उभाच राहिलो.

"आजी, वहीतली शेवटची चार पानं मी लिहिली होती."

तिचे हात चालूच होते. "कुटली?"

"तांब्याची. पाणी जवळ आहे ती. ती सगळी."

"तांब्याचं तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही. मनानं लिहिलं."

"मनानं?" ती जराशी हसली. "माज्या घरातलं तुमच्या मनात कसं आलं, गुर्जी? म्या त्या शेळीला झोडपलं, ह्ये माज्या सासूला बी म्हाईत न्हवतं. तुमी न्हाय लिवलं. तुमच्या हातानं लिवून घेतलं त्यांनी. उगं जिवाला लावून घिऊ नगा."

पहिल्यांदा वही मागायला गेलो होतो तेव्हा मी त्या घरात पाणी प्यालो होतो. कशातून प्यालो ते आठवत नाही. फार आठवून पाहिलं आहे.

मला तिथून निघता आलं असतं. तिनं मला सोडलं होतं, आणि तेही मी मागितलं नव्हतं अशा कारणानं. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, ते मिटेना.

"तारीखसुद्धा मीच घातली, आजी. अंदाजानं. हाताला आली ती."

शेंग सोलता सोलता ती थांबली.

"म्हंजी त्या दिशी गेले न्हाईत?"

"माहीत नाही."

"मग कवा गेले?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

तिनं सुपातल्या दाण्यांत बोटं फिरवली. मग म्हणाली, "मग नदीवर म्या काय केलं? जित्ते असले तर? जित्त्या मान्साला जाळलं म्या?"

"तो पाल्याचा पुतळा होता, आजी."

"पाल्याचा हुता तर त्येला पिंड कशापायी दिला?"

तिचा आवाज चढला नव्हता. वर्गातल्या हुशार पोरानं गणित चुकलंय का ते विचारावं तसं ती विचारत होती.

"आता कुटली तारीख धरू?" ती म्हणाली. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

आणि तारीख आली. खरंच आली, महिन्यासकट, आणि तिच्यामागं एक अख्खं वाक्य आलं, उजव्या हाताची बोटं आवळली गेली. सांगितली असती तर आजीनं धरली असती. मी दात घट्ट मिटून उभा राहिलो. ती तारीख मनातून जाईपर्यंत थांबलो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मग बसा," आजी म्हणाली. "उबं ऱ्हाऊन काय हुतंय? म्हाईत न्हाय म्हनल्यावर बसायचंच असतंय. म्या इतकी वर्सं काय केलं?"

मी पोत्यावर बसलो. तिनं अर्ध्या शेंगा माझ्याकडं सरकवल्या. समोर तेरकडून येणारा रस्ता थेट फाट्यापर्यंत दिसतो. ऊन कललं होतं. फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आजीचे हात थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की माझेही थांबलेत.

दोन बायका उतरल्या. एक शाळेतली पोर उतरली. मग बराच वेळ कुणी नाही, आणि गाडी हलायच्या आधी एक म्हातारा माणूस दांडा धरून सावकाश खाली आला. त्यानं उभं राहून दोन्हीकडं पाहिलं. गाडी गेली, धूळ उठली. धूळ खाली बसली तेव्हा तो अजून तिथंच होता, कुठं जायचं ते ठरवत असल्यासारखा.

"कोन हाय वं त्ये?" आजीनं विचारलं.

मी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिलो.